जुन्या ट्रकच्या इंधनव्यवस्थेतील भागांवर मुलामा : कुठे द्यावा आणि कुठे देऊ नये?

चौदा टनी (धागाकर्ता)

नमस्कार. १९४० च्या दशकाच्या अखेरीस बनलेला एक सहा सिलिंडरांचा पेट्रोल ट्रक मी गेली तीन वर्षे सवडीने दुरुस्त करीत आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांचे काम समाधानकारक झाले. त्यानंतर इंधनव्यवस्थेकडे वळलो आणि तेथे माझ्या हातून काहीतरी चुकले, असे आता वाटू लागले आहे.

कार्बोरेटरचे तिन्ही तुकडे, त्यावरच्या दांड्या आणि स्प्रिंगा, पडद्याच्या यांत्रिक पंपाचे वरचे झाकण, काचेच्या वाटीच्या गाळणीचे डोके आणि टाकीतून पेट्रोल उचलणारी पोलादी नळी असे सगळे सामान मी एकाच खेपेत जस्ताच्या मुलाम्यासाठी दिले आणि त्यावर पिवळे पॅसिव्हेशन (गंज रोखणारा रासायनिक पापुद्रा) करून घेतले. सामान परत आले तेव्हा ते इतके देखणे दिसत होते की बसवण्यापूर्वी दोन दिवस मी ते नुसते टेबलावर मांडून ठेवले होते.

ट्रक सुरू झाला, चालला, आणि मग पावसाळ्यात दोन महिने जवळजवळ उभाच राहिला. आता चढावर पुरेसे पेट्रोल न मिळाल्यासारखे इंजिन दम सोडते. गाळणीच्या काचेच्या वाटीत पांढरट साका जमला आहे, कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाशीही तसाच थर आहे, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटल पूर्ण बंद होण्यापूर्वी किंचित अडकते. पेट्रोल इथेनॉल मिसळलेले आहे. दोष मुलाम्याचा, पेट्रोलचा की माझा?

गंजका पाना

तिघांचाही असावा, परंतु वाटण्या ठरवण्यापूर्वी काही माहिती हवी. कार्बोरेटरचे तिन्ही तुकडे एकाच धातूचे आहेत का? मुलाम्यापूर्वी सामान कशाने साफ केले होते, आम्लाने, वाळूच्या माऱ्याने की आणखी कशाने? जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोट्या) काढून घेतले होते का? उचलनळीच्या आतल्या बाजूची स्थिती पाहिली आहे का?

शिवाय एक सोपी चाचणी करा. तो पांढरा साका पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत उघड्यावर वाळवा आणि त्यावर साधे व्हिनेगर टाका. जस्ताचे क्षार असतील तर ते फसफसत विरघळतील. तळाशी काही उरले, तर ते बोटांच्या चिमटीत चोळून पाहा.

चौदा टनी

कार्बोरेटरचे वरचे दोन तुकडे जस्ताच्या डायकास्टचे (साच्यात दाबाने ओतलेल्या धातूचे) आहेत आणि थ्रॉटलचा खालचा तुकडा बिडाचा आहे. साफसफाई आधी काचेच्या बारीक मण्यांच्या माऱ्याने झाली, त्यानंतर सगळे एकत्रच मिठाच्या (हायड्रोक्लोरिक) आम्लात बुडवले गेले. किती वेळ, ते मला ठाऊक नाही. सुटे जेट मी काढले होते, मात्र मुख्य नोझलची पितळी नळी दाबून बसवलेली असल्यामुळे ती तशीच आत राहिली. उचलनळी आतून पाहिलेली नाही.

व्हिनेगरची चाचणी केली. बराचसा भाग फसफसून विरघळला. जे उरले ते तपकिरी आणि करकरीत होते, आणि भिंगाखाली त्यात चकचकीत गोल कण दिसले.

आम्लराज

आपल्या एका चाचणीने तीन वेगळे दोष उघड केले आहेत. माझा बराच काळ धातूंवर मुलामा देण्याच्या कामात गेला असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

फसफसले ते जस्ताचे हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट, तपकिरी तो लोखंडाचा गंज, आणि चकचकीत गोल कण म्हणजे माऱ्यातले काचेचे मणी. कार्बोरेटरच्या अंगात छिद्रे पाडून केलेले आडवे-उभे मार्ग असतात आणि त्यांची बाहेरची तोंडे शिशाच्या गोळ्यांनी किंवा पितळी टोप्यांनी कायमची बंद केलेली असतात. या बंद गल्ल्यांत मणी एकदा शिरले की फुंकरीने निघत नाहीत. आम्लाचेही तसेच आहे. वरून कितीही धुतले तरी गल्लीच्या टोकाला ते थोडेसे अडकून राहते आणि आठवड्यांनंतर पाझरू लागते. म्हणून मणी मारण्यापूर्वी सर्व मार्ग बुचांनी बंद करणे, आणि ओल्या सफाईपूर्वी तेच मार्ग शक्य तितके उघडणे, ही दोन उलट पथ्ये पाळावी लागतात.

आता डायकास्टविषयी. हे मिश्रधातू मुळातच जस्ताचे असतात; त्यांत सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम, थोडे मॅग्नेशियम आणि प्रकारानुसार तांबे असते. अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये ही मालिका झामॅक नावाने आणली आणि हे नाव जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम व तांबे यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून पडले. त्यापूर्वीच्या ओतकामात शिशासारख्या धातूंचा अत्यल्प अंश राहत असे आणि तेवढ्यानेही कणांच्या सीमा आतून कुजून संपूर्ण तुकडा फुगत आणि तडकत असे. ९९.९९ टक्के शुद्ध जस्त मिळू लागल्यावर हा रोग आटोक्यात आला. तेव्हा कोणाकडे १९२० च्या दशकातला फुगलेला डायकास्ट तुकडा असेल, तर त्यावर कोणताही मुलामा देऊन उपयोग नाही. तो तुकडा गेलेलाच आहे.

जस्ताच्या तुकड्यावर जस्ताचाच मुलामा देणे ही मुळात निरर्थक गोष्ट आहे. कारखान्यातून असे तुकडे बाहेर पडत तेव्हा त्यांच्यावर वेगळ्या धातूचा थर क्वचितच असे. त्यांना क्रोमेटच्या द्रावणात काही सेकंद बुडवत आणि पृष्ठभागावरच्या जस्ताचेच रूपांतर एका पिवळसर, इंद्रधनुषी छटेच्या पापुद्र्यात होत असे. तो पापुद्रा साधारणपणे एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो. आपल्या कार्बोरेटरला मुलाम्याची गरज नव्हती, सफाई आणि नव्या पॅसिव्हेशनची होती.

याहून मोठे नुकसान आम्लाने केले असावे. डायकास्टची बाहेरची कातडी घट्ट असते आणि आतला भाग तुलनेने सच्छिद्र असतो. बिडाचा गंज काढायला जितका वेळ लागतो तितका वेळ जस्ताचा तुकडा मिठाच्या आम्लात राहिला, तर ही कातडी खाल्ली जाते आणि खालची छिद्रे उघडी पडतात. मुलामा विजेच्या प्रवाहाने बसवतात; हा प्रवाह कडा आणि उंचवट्यांकडे धावतो, खोल वाटीच्या तळाशी आणि कोपऱ्यांत तो फारसा पोहोचत नाही. परिणामी आपली वाटी बाहेरून सोनेरी आणि तळाशी जवळजवळ उघडी, अशा अवस्थेत बसवली गेली असावी. त्यावर दोन महिने इथेनॉलयुक्त पेट्रोल उभे राहिले.

इथेनॉल पाणी ओढून घेते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये सामान्य तापमानाला पाण्याचे प्रमाण सुमारे अर्ध्या टक्क्याच्या पुढे गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन वेगळा थर तळाशी बसतो. निव्वळ पेट्रोल विजेचा दुर्वाहक असते, हा थर मात्र वीज वाहून नेतो, आणि म्हणून त्यात बुडालेले जस्त, पितळ आणि लोखंड यांच्यात एक लहानसा विद्युत्‌घट तयार होतो. त्यात बळी नेहमी जस्ताचाच जातो. वाटीच्या तळाशी पितळी जेटभोवती कडे करून खड्डे पडलेले दिसले, तर हेच घडले आहे असे समजावे.

उचलनळीचा आतला तपकिरी गंजही याच न्यायाने आला असावा. लांब आणि अरुंद नळीच्या आत मुलाम्याचा प्रवाह तोंडापासून फार तर व्यासाइतका आत शिरतो. आम्ल मात्र पूर्ण लांबीत शिरते. म्हणजे नळी आतून खरवडून, उघडी करून, कोणतेही संरक्षण न देता आपल्या हाती आली.

वाचनमात्र

मी या विषयात केवळ वाचक आहे, पण एक शंका विचारतो. मुख्य नोझल आत राहिली होती, असे धागाकर्त्यांनी लिहिले आहे. त्यावर मुलामा बसला असेल तर काही मायक्रॉनांनी असा काय फरक पडणार?

गंजका पाना

हिशेब करून पाहू. एक मिलिमीटरच्या जेटच्या आत दहा मायक्रॉनचा थर बसला, तर तो दोन्ही बाजूंनी बसतो आणि व्यास ०.९८ मिलिमीटर होतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते, म्हणजे वाट जवळजवळ चार टक्क्यांनी कमी झाली. जुनी इंजिने तेवढे सहनही करतील, परंतु थर सारखा बसत नाही; तोंडाशी जाड आणि आत पातळ बसतो, शिवाय कडेचा सुबक आकार बिघडतो आणि जेटचे मोजमाप त्या आकारावरही अवलंबून असते. जेट, नोझल, सुईची बैठक आणि फ्लोट (वाटीतील पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) यांना मुलाम्याच्या टाकीजवळही नेऊ नये. फ्लोटचा तर वेगळाच प्रश्न आहे, कारण त्यावर थर चढला की त्याचे वजन वाढते आणि पेट्रोलची पातळी बदलते.

थ्रॉटल अडकण्याचे कारणही याच अंकगणितात आहे. शाफ्ट आणि त्याचे भोक यांच्यातली मोकळीक समजा ०.०५ मिलिमीटर आहे. शाफ्टवर बारा मायक्रॉन जस्त चढले की व्यास चोवीस मायक्रॉनांनी वाढतो, म्हणजे निम्मी मोकळीक संपली, आणि कडांवर थर जाड असल्यामुळे प्रत्यक्षात अधिकच. आट्यांचे गणित आणखी फसवे आहे. साठ अंशांच्या आट्यावर थर जितका जाड, त्याच्या चौपट आट्याचा मध्यव्यास वाढतो. आठ मायक्रॉनचा मुलामा म्हणजे बत्तीस मायक्रॉन. असा स्क्रू डायकास्टच्या मऊ भोकात जोर लावून पिळला की स्क्रू शाबूत राहतो आणि भोकाचे आटे निघून हातात येतात. शाफ्टचा बैठकीवरचा भाग मुलाम्यापूर्वी झाकावा किंवा नंतर घासून मूळ मापाला आणावा.

एक गोष्ट मात्र आज रात्रीच करा. थ्रॉटलची परत ओढणारी स्प्रिंग काढून बाजूला ठेवा आणि नवी बसवेपर्यंत ट्रक रस्त्यावर काढू नका.

चौदा टनी

स्प्रिंग उत्तम दिसते आहे. तिच्यात काय दोष?

आम्लराज

ती उत्तम दिसते, हीच तिची अडचण आहे. स्प्रिंगचे पोलाद अतिशय कठीण आणि ताणलेले असते. आम्लात बुडवताना आणि मुलामा देताना धातूच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटतो आणि त्याचा काही भाग पोलादात शिरतो. असे पोलाद वरून शाबूत दिसते, मात्र काही तासांनी, दिवसांनी किंवा आठवड्यांनी भाराखाली असताना काच तुटावी तसे एकाएकी तुटते. यावर उपाय आहे: मुलामा दिल्यानंतर चार तासांच्या आत तो भाग सुमारे १९० ते २२० अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजणे आणि त्यानंतरच पिवळे पॅसिव्हेशन करणे. हा क्रम उलटा चालत नाही, कारण जुन्या पद्धतीचा पिवळा पापुद्रा साठ-सत्तर अंशांच्या वर सुकून तडकतो आणि निरुपयोगी होतो. सगळे सामान एका खेपेत गेले होते, त्यावरून भाजणी झाली नसावी असेच मी गृहीत धरतो.

परतीची स्प्रिंग तुटली तर थ्रॉटल उघडे राहते. अशा जागी साधी तेल लावलेली किंवा फॉस्फेट केलेली स्प्रिंग वापरावी. फॉस्फेटमध्येही आम्ल असतेच, परंतु मिठाच्या आम्लाच्या तुलनेत धोका कमी असतो, आणि तो थर तेल धरून ठेवतो हा त्याचा खरा गुण आहे. स्टेनलेसची तयार स्प्रिंग मिळाली तर प्रश्नच मिटला.

मूळप्रत

वरील तांत्रिक चर्चेशी मी सहमत आहे, परंतु एक मुद्दा सुटत आहे. प्रत्येक दांडी, प्रत्येक स्क्रू आणि प्रत्येक झाकण सोनेरी करण्याची जी पद्धत पडली आहे, तिला इतिहासाचा आधार नाही. जस्तावर क्रोमेट करण्याची पद्धत १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर रूढ झाली. त्यामुळे १९२० च्या दशकातल्या ट्रकचा कार्बोरेटर सोनेरी चमकत असेल, तर तो मूळ स्वरूपात नाही असे खुशाल समजावे. त्या काळातले अनेक कार्बोरेटर पितळेचे, काशाचे किंवा बिडाचे होते आणि तसेच उघडे असत. धागाकर्त्यांच्या ट्रकच्या काळातही दांड्या आणि स्क्रू बहुधा करड्या-रुपेरी रंगाचे, कॅडमियमचा मुलामा असलेले असत. बिडाच्या तुकड्याला काळपट रंग किंवा नुसते तेल. मला तर सगळे सोनेरी केलेले इंजिन लग्नाच्या मांडवासारखे वाटते.

मूळ स्वरूप जपायचे असेल, तर कॅडमियमच पुन्हा करून घ्यावे, असे माझे मत आहे.

गंजका पाना

मांडवाबद्दल सहमत, कॅडमियमबद्दल नाही. कॅडमियम अत्यंत विषारी आहे. जुन्या भागावर ते असण्याची शंका असेल तर तो भाग कोरडा घासू नये, ग्राइंडरवर धरू नये आणि त्यावर गॅसची ज्योत तर मुळीच लावू नये. त्याचा धूर फुप्फुसांना प्राणघातक ठरू शकतो, आणि श्वास घेताना फारसे काही जाणवत नाही म्हणून तो अधिक घातक आहे. इंधनाच्या संपर्कात ते नकोच. रंगच हवा असेल, तर जस्ताचा मुलामा आणि त्यावर रंगहीन पॅसिव्हेशन केल्यास दिसायला बरेच जवळ जाते.

आम्लराज

या पर्यायाची किंमत मात्र माहीत असावी. अमेरिकी मानक एएसटीएम बी ६३३ मध्ये मिठाच्या फवाऱ्याची चाचणी आहे. रंगीत क्रोमेटने त्यात ९६ तास पांढरा गंज न येता टिकावे अशी अपेक्षा आहे, रंगहीन थराने फक्त १२ तास. पिवळा रंग ही नुसती हौस नव्हती, इतकेच सुचवायचे आहे. त्याच मानकात जस्ताच्या थराची जाडी ५ मायक्रॉनपासून २५ मायक्रॉनपर्यंत चार पायऱ्यांत दिली आहे. दांड्यांसाठी पहिल्या दोन पायऱ्या पुरतात. सामान देताना जाडी सांगून द्यावी. काहीच सांगितले नाही, तर काम करणारा आपल्या सोयीने ठरवतो आणि त्यात त्याचा दोष नाही.

आणखी एक सूचना. पारंपरिक पिवळ्या क्रोमेटमध्ये षट्संयुजी क्रोमियम असते आणि ते कर्करोगकारक आहे. युरोपीय महासंघाने मोटारींतील त्याच्या वापरावर २००७ पासून बंधन घातल्यावर त्रिसंयुजी क्रोमियमची द्रावणे पुढे आली. त्यांचा रंग थोडा फिका येतो, पण तो पुष्कळदा रंगद्रव्य घालून जुळवतात. घरी बादलीत डायक्रोमेट कालवण्याचे सल्ले वाचायला मिळतात, ते कृपया कोणी अमलात आणू नयेत.

मूळप्रत

रंगहीन थराविषयीचे आकडे मला ठाऊक नव्हते, आभार. मग कार्बोरेटरच्या अंगासाठी विजेशिवाय बसणाऱ्या निकेलचा विचार का करू नये? तो थर म्हणे भोकांच्या आतही सारखाच बसतो, म्हणजे वाटीचा तळ उघडा राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

आम्लराज

बिडाच्या किंवा पोलादाच्या भागासाठी ही सूचना चांगली आहे. विजेशिवाय निकेल बसवण्याची पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत ब्रेनर आणि रिडेल यांनी विकसित केली आणि तिचा मोठा गुण हाच की द्रावण जेथे पोहोचते तेथे थर सारखा बसतो. फॉस्फरस दहा टक्क्यांच्या वर असलेला प्रकार गंजाला उत्तम तोंड देतो. धागाकर्त्यांची पोलादी उचलनळी आणि टाकीची तोटी यांसाठी मी तोच सुचवला असता, फक्त द्रावण नळीतून सतत वाहते ठेवले पाहिजे.

डायकास्टसाठी मात्र नाही. निकेलचे द्रावण जस्तालाच खाते, म्हणून आधी तांब्याचा थर द्यावा लागतो आणि त्यासाठी सहसा सायनाइडची टाकी लागते. ते सर्व जमले तरी मूळ अडचण राहतेच. पोलादावरचे जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवते, ओरखडा पडला तरीही. जस्तावरचे निकेल याच्या उलट वागते, कारण निकेल अधिक अविकारी आहे. त्या थराला सुईच्या अग्राएवढे जरी छिद्र राहिले, तरी सगळा मारा तेवढ्या एका बिंदूवर होतो आणि खालचे जस्त पोखरले जाते. सच्छिद्र झालेल्या जुन्या डायकास्टवर बिनछिद्राचा थर मिळण्याची आशा धरणे कठीण आहे. तेथे अपुरा मुलामा असण्यापेक्षा मुलामा नसलेला बरा.

वाचनमात्र

टाकीबद्दल कोणी लिहील का? माझ्या परिचयातील एका गृहस्थांकडे त्याच काळातला ट्रक आहे आणि टाकीला आतून कल्हई करून घ्यावी, असा सल्ला त्यांना मिळाला आहे.

गंजका पाना

सल्ला देणाऱ्याचे मूळ निरीक्षण बरोबर असावे. त्या काळातल्या पेट्रोलच्या टाक्या बहुधा टर्न पत्र्याच्या असत. टर्न म्हणजे शिसे आणि कथील यांच्या मिश्रणात बुडवलेला पोलादी पत्रा. शिशाचे प्रमाण बरेच जास्त असते, आणि कथील त्यात मुख्यतः एवढ्यासाठी घालतात की शुद्ध शिसे लोखंडाला चिकटत नाही. कथील लोखंडाशी जोड करते आणि शिशाला धरून ठेवते. असा पत्रा दाबून वळवता येतो, त्याला डाख सहज बसतो, आणि जुन्या पेट्रोलमध्ये तो अनेक दशके टिकला. अल्कोहोल असलेल्या इंधनात मात्र टर्नची तितकी खात्री देता येत नाही, म्हणून नंतरच्या पोलादी टाक्यांसाठी जस्त-निकेल, कथील-जस्त किंवा ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे थर असलेले पत्रे आले.

पूर्ण तयार टाकीला आतून कल्हई करणे व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे. आत आडव्या भिंती असतात, त्यांच्यामागे पुसायचे कसे, आणि कल्हई होताना नवसागराचा जो अंश मागे राहतो तो क्लोराइडचा असल्यामुळे गंजाला आमंत्रणच देतो. शिवाय टाकी तापवावी लागते. वर्षानुवर्षे रिकामी पडलेली टाकीसुद्धा पेट्रोलच्या वाफेने स्फोट पावू शकते, हे कोणीही विसरू नये.

मी स्वतः टाकी आतून सोडाखाराच्या द्रावणात विजेच्या साहाय्याने गंजमुक्त करतो. धन टोकाला साधे पोलाद लावावे, स्टेनलेस कधीही नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम द्रावणात उतरते. आत हायड्रोजन तयार होतो, म्हणून काम उघड्यावर करावे आणि तारा जोडण्या-काढण्यापूर्वी प्रवाह बंद करावा. जेथे टर्नचा थर शाबूत असेल तेथे तो तसाच राहू द्यावा, आम्लाने ओरबाडू नये. पत्रा फारच चाळणी झाला असेल, तर इथेनॉल सहन करणारा इपॉक्सीचा लेप हा शेवटचा पर्याय. जुन्या प्रकारचे काही लेप अल्कोहोलमध्ये मऊ पडतात आणि मग त्यांचे पापुद्रे सुटून तोटीत अडकतात; असा पापुद्रा इंजिन चालू असताना तोटीवर ओढला जातो आणि बंद करताच बाजूला तरंगतो, त्यामुळे माणूस आठवडाभर पंपालाच दोष देत राहतो. माझे दोन आठवडे असेच गेले आहेत.

अवांतर : पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट बुचाचा असेल, तर त्यावर बहुधा लाखेचा लेप असतो, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

नोझल

धागा पेट्रोलचा आहे, परंतु डिझेलच्या ट्रकवर काम करणारेही तो वाचत असतील म्हणून लिहितो. डिझेलमध्ये जस्त कोठेही नको, ना मुलाम्याच्या रूपात, ना गॅल्व्हनाइज्ड पाइप वा पिंपाच्या रूपात. डिझेलमधील अल्प प्रमाणातल्या आम्लांशी जस्ताची क्रिया होऊन एक प्रकारचा धात्विक साबण तयार होतो, तो इंधनात विरघळून गाळणीतून पार जातो आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या तापलेल्या तोंडाशी जमतो. आधुनिक इंजेक्टर किती लवकर घाण होतात हे पाहण्याच्या युरोपीय चाचणीत इंधनात मुद्दाम दहा लाखांत एक भाग इतके जस्त मिसळतात, यावरून प्रमाणाची कल्पना यावी. जुन्या इंजिनांचे पिंटल नोझल इतके नाजूक नसतात, पण म्हणून त्यांना जस्त पाजावे असे नाही. तांबे आणि पितळ यांच्यामुळे डिझेल लवकर जुने होते आणि त्यात डिंकासारखा साका धरतो. जैवडिझेल मिसळलेले असेल तर अधिकच.

डिझेलच्या पंपातील प्लंजर (दट्ट्या) आणि त्याचे बॅरल (नळकांडे) यांच्यातली मोकळीक दोन-तीन मायक्रॉनांची असते आणि ती जोडी एकमेकांवर घासून जुळवलेली असते. तिच्यावर मुलामा देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, हे उघड वाटते. तरीही चकाकी यावी म्हणून सबंध पंपाचे भाग एका टोपलीत घालून दिलेले मी पाहिले आहेत.

चौदा टनी

सर्वांचे आभार. दोन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात सर्व उघडले.

उचलनळी लांबीत कापून पाहिली. दोन्ही तोंडांशी बोटाच्या पेरापेक्षाही कमी अंतरापर्यंत सोनेरी छटा आणि पुढे अखंड तपकिरी, अगदी आम्लराज यांनी लिहिल्याप्रमाणे. तिच्या जागी स्टेनलेसची नळी वळवून बसवली आहे. वाटीच्या तळाशी मुख्य जेटभोवती खड्ड्यांचे कडे आहे, सर्वांत खोल खड्डा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. शिशाचे तीन गोळे भोक पाडून काढले, तर एका गल्लीतून चिमूटभर काचेचे मणी निघाले आणि दुसरीतून ओलसर पांढरा बोळा. नोझलची पितळी नळी दाबून काढली. तिच्या खालच्या तोंडावर जस्ताची ओठासारखी कड तयार झाली होती. थ्रॉटलचा शाफ्ट बैठकीवर घासून मापाला आणला आहे आणि स्प्रिंग नवी आहे. जुनी स्प्रिंग पक्कडीत धरून ताणली, तेव्हा चौथ्या वेळी तुटली.

एकच प्रश्न उरला आहे. खड्डे पडलेली वाटी वाचवावी की दुसरी शोधावी?

आम्लराज

अर्धा मिलिमीटर असेल तर वाचवता येईल. खड्ड्यांतील पांढरे क्षार सौम्य सायट्रिक आम्लाने, मिनिटभराहून अधिक न ठेवता, आणि मऊ ब्रशने काढा. भरपूर पाण्याने धुऊन सर्व गल्ल्यांतून हवा मारा. मग फक्त त्रिसंयुजी पॅसिव्हेशन करून घ्या, खाली जस्ताचा थर नको. पापुद्रा पहिला एक दिवस मऊ असतो, तोवर आतून बोट फिरवू नका आणि तापवून वाळवू नका. गल्ल्यांची तोंडे नव्या शिशाच्या गोळ्यांनी बंद केल्यावर केरोसीन भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी बाहेरून ओल आली आहे का ते पाहा. जेटच्या बैठकीची कड खाल्लेली असेल, तर मात्र दुसरी वाटी शोधावी लागेल, कारण तेथून पेट्रोल जेटला वळसा घालून जाईल.

चौदा टनी

बैठकीची कड शाबूत आहे. काल रात्री केरोसीन भरून ठेवले होते, सकाळी एका गोळ्याभोवती ओल दिसली. तो पुन्हा ठोकून आज रात्री परत भरतो आहे.

गंजका पाना

ठोकताना खाली लाकूड धरा. डायकास्टला धक्का सोसत नाही. आणि पुढच्या वेळी ट्रक उभा करताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे वाटी बहुतांशी रिकामी राहील.